सांबदेव राजाचा कान

काजरवेळ, भाद्रपद वद्य पंचमी, शके १८५३

प्रिय भिकाजी,

मास्तर म्हणाले, नातवाला 'चिरंजीव' लिहायची रीत आहे. म्हटलं, जगायचा तर तो जगेलच, दोन वेळ चांगला जेवतो. प्रिय आहे की नाही तेवढं सांगायचं राहतं, ते लिहा. तर रावजी मास्तर, ज्यांनी तुझ्याकडून पाटीवर अक्षरं गिरवून घेतली, ते माझ्या पडवीत बसून लिहितायत. मी बोलते, ते तंबाखू मळतात, मग माझं बोलणं धुऊन, पिळून कागदावर वाळत घालतात. आडमाप शब्द निघाला की त्यांचा टाक थांबतो. आणि मी दर चार ओळींनी उठते म्हणून वैतागलेत. मघाशी भरती आली का बघायला उठले. आता भरती काय मला विचारून येणार आहे? पण गेले पंधरा दिवस बूड एका जागी टेकत नाही.

बातमी तुला माझ्याआधी कळली असेलच. थोरले सरकार थकले, धाकल्या सरकारांना दसऱ्याला गादीवर बसवणार. राज्य इंग्रजाचं, सरकारांकडे उरलंय सात गावांचं वतन, एक गादी आणि पुष्कळ मिशा. पण थाट मोठा आहे. रत्नागिरीहून कलेक्टर साहेब येणार म्हणून पाखाडीच्या वाटेचे चिरे नव्याने बसवतायत. सगळं ठरलंय, मंडप ठरला, वाजंत्री ठरली. एकच गोष्ट कुणी बोलत नाही, त्या दिवशी साहेबाच्या देखत आपल्या घरातली बाई नव्या राजाचा कान धरणार की नाही. गाव माझ्याकडे बघतं आणि पावसाचं बोलतं.

गणपतीला आलास तेव्हा तुझ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचून दाखवलंस. सरकारांनी मूळपुरुषाचं चरित्र लिहायला आपल्या भिकूला नेमलं, याचा मला किती अभिमान, ते मी शेजारच्या गोदूबाईला इतक्यांदा सांगितलं की ती आता विहिरीवर माझी वेळ टाळून येते. पण बाबा, तुझा सांबदेव राजा राजपुतान्यातून चाळीस घोडेस्वार घेऊन आला. मी विचारलं, घोडे खाडी कसे ओलांडून आले? तू म्हणालास, आजी, इतिहासात असं विचारत नाहीत. मी हसले, तू रुसलास, आणि उरलेले मोदक तसेच राहिले.

म्हणून आज पुन्हा सांगते. लहानपणी तू हे ऐकल्याशिवाय जेवत नव्हतास, पण सरकारांच्या रत्नागिरीतल्या कचेरीत बसून विसरला असशील. सांबदेव आला तो एकटा आला, पायी आला, आणि घाटावरून कुणाच्या तरी भयाने पळत आला. पंधरा-सोळा वर्षांचं पोर. भरतीओहोटीने हलणारं पाणी त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. तीन दिवस काठावर बसून राहिला. तेव्हा धक्क्यावरच्या तरीवर होडी चालवायची आपल्या घराण्याची चिमा. होडीचा तांडेल असलेला नवरा वादळात गेलेला, घरात दुसरा पुरुष नाही, म्हणून वल्हं तिच्या हातात. चौथ्या दिवशी तिने त्याला होडीत बसवला. खाडीच्या मध्यावर पोर घाबरून उभं राहिलं. होडी कलली. माणसं, बकऱ्या, भाताच्या गोणी, सगळं पाण्यात जाणार. चिमाने एका हाताने वल्हं धरलं, दुसऱ्याने त्याचा कान, आणि त्याला खाली बसवला. काठ लागेपर्यंत कान सोडला नाही. असा तुझा मूळपुरुष या मुलखात उतरला, ओकत.

मग सहा वर्षं त्याने चिमाबरोबर वल्हं मारलं. राज्य करायला तो तिथे शिकला. होडीत माणूस खरं बोलतो, कारण बहुतेकांना पोहता येत नाही. बादशहाच्या गडकऱ्याने कुणाला लुबाडलं, कुणाची सून ओढून नेली, सगळं त्याच्या कानावर. तुझ्या पुस्तकात गड घेताना अकरा प्रहर तलवार चालते. अरे, गडावरची शिबंदी पलीकडच्या जत्रेला गेली आणि चिमाची होडी त्यांना आणायला परत गेलीच नाही. मुलखातली पोरं घेऊन सांबदेव वर चढला आणि रिकाम्या गडाचा दरवाजा त्याने आतून लावून घेतला. रक्त सांडलं नाही हे तुला उणेपणाचं वाटतं. मला त्यातच त्याची हुशारी दिसते.

राज्य त्याने चांगलं केलं, ते मी नाकारत नाही. खाऱ्या पाण्याला बांध घातला, तीनदा फुटला, चौथ्यांदा राहिला. चौथ्या वेळी स्वतः मांडीभर चिखलात उभा होता म्हणतात. बांधाआडच्या त्या मळीतल्या तांदळावर तू वाढलास. पण दहाव्या वर्षी त्याला राजेपणाचं वारं लागलं. शिकारीचा लवाजमा पलीकडे जायचा म्हणून त्याने दिवसभर होडी अडवून ठेवली. काठावर एक अडलेली बाई होडीची वाट बघत कळा देत बसली होती. मूल गेलं. चिमा ओल्या पदराने गड चढली आणि भर दरबारात तिने राजाचा कान धरला. तलवारी उपसल्या गेल्या. राजाने हाताने त्या खाली करवल्या, आणि तो खाली बसला, होडीत बसला होता तसा. त्याने नियमच घातला: माझ्या वंशातला कुणीही गादीवर बसण्याआधी अनवाणी धक्क्यावर येईल, या घरातली थोरली बाई त्याचा कान धरून विचारील, तुला पार कुणी आणलं? आणि तो म्हणेल, चिमाने. चिमाच्या कपाळी कुंकू नव्हतं, म्हणून त्या दिवशी थोरल्या बाईचं कपाळ बघायचं नाही. राजाचे पराक्रम तू पुष्कळ लिहिलेस. मला विचारशील तर त्याचा पराक्रम हा एक.

आताच्या सरकारांचा कान अडतीस वर्षांपूर्वी माझ्या सासूने धरला, सोनूबाईने. जरा जास्तच ओढला असावा, उजवा कान अजून लांब दिसतो. मी मागे पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. पुढच्या वर्षी तुझा आजोबा गेला. तेव्हापासून लग्नात मी मागच्या रांगेत, बारशात चुलीपाशी, सवाष्ण बायका ओटी भरतात तेव्हा गोठ्यात. तक्रार नाही, गोठ्यातली गाय चांगली ऐकून घेते. पण अडतीस वर्षं मी एका दिवसाची वाट बघत आले, भिकू. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर हसले असते, आणि आपल्या घरात दुसऱ्याला हसायचा मक्ता माझ्याकडे आहे.

थांब, पुन्हा उठले होते. मास्तर म्हणतात, म्हातारे, हे शेवटचं पान आहे.

गेल्या शनिवारी सरकारांच्या कारभाऱ्यांचा शिपाई सदू आला, शाईची डबी आणि एक कागद घेऊन. म्हणाला, इथे अंगठा उठवा. विचारलं, काय लिहिलंय? म्हणाला, नेहमीचंच. माझ्या पंच्याहत्तर वर्षांत नेहमीचं म्हणून आलेला एकही कागद नेहमीचा निघाला नाही, म्हणून मास्तरांना बोलावलं. त्यांनी वाचला. त्यात होतं: मी लिहून देते की आमच्या घराण्यास कान धरण्याचा मान कधीही नव्हता. ती शिमग्यातली थट्टा होती. चिमा नावाची कोणी बाई होऊन गेल्याचे मला ठाऊक नाही. मास्तरांनी कागद घडी केला आणि चुन्याशिवायच तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाले, हे अक्षर भिकाजीचं. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, कचेरीत काय एकच कारकून आहे? ते म्हणाले, हा हात मी छड्या मारून वळवलाय, मला सांगू नकोस. मी आत गेले, अंगठ्याला चिंधी बांधली आणि सदूला सांगितलं, कोयतीने कापलंय. येत्या शनिवारी येतो म्हणून गेला.

मी रागावले नाही. खरंच नाही, मास्तर, तसंच लिहा. तू नाही म्हणाला असतास तर तुझी नोकरी गेली असती, तुझी दमयंती पोटुशी आहे, रत्नागिरीत बिऱ्हाड आहे, हे मला कळतं. गणपतीला तू माझ्या पाया पडलास तेव्हा कागद लिहून झाला होता का, एवढंच विचारायचं होतं, पण तेही राहू दे. मी अंगठा देईन. पण मास्तर सांगतात, अडाणी माणसाला कागद वाचून दाखवला अशी वाचणाऱ्याची सही खाली लागते, आणि ती सही ते करणार नाहीत. ती तुझी पाहिजे. शनिवारी सदूबरोबर तू ये. पडवीत नाही, धक्क्यावर, होडीला माणसं थांबतात तिथे उभा राहा आणि कागद मोठ्याने वाच. चिमाचं वाक्य आलं की घाईने उरकू नकोस, आणि खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. शेवटच्या अक्षरापर्यंत वाचता आलं, तर मी तिथेच अंगठा पुढे करीन, आणि दसऱ्याच्या दिवशी घराबाहेर येणार नाही. हे सांगायलाच पत्र घातलं.

तुझीच, कागदावर कशीही लिहिलीस तरी तुझीच,
आजी

ता. क. नेहमीसारखा खाली अंगठा उठवलेला नाही. तो शनिवारसाठी ठेवला आहे.