पुसलेला आलेख

सर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्यावर रागवायची आता मला लाज वाटायला हवी. वाटत नाही. गेल्या आठवड्यात साताऱ्यात हृदयाची तपासणी झाली. फिरत्या पट्ट्यावर चालवलं आणि नातीच्या वयाची डॉक्टर म्हणाली, "आजी, चालताना सगळं ठीक आहे, पण थांबल्यावर ठोके लवकर खाली येत नाहीत." मी म्हटलं, "आजी तुझ्या घरी. मी जन्मभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलंय. का येत नाहीत ते सांग." तिला धड सांगता येईना. मला त्याचं एक कारण माहीत होतं. सांगलीच्या आपल्या प्रयोगशाळेत ते मी काजळी धरलेल्या कागदावर पाहिलं होतं. फक्त तो आलेख माझा नव्हता, माझ्याबरोबर काम करणाऱ्या मुलीचा होता.

तुमच्या हाताखाली आम्ही दोघीच होतो. मी कॉन्व्हेंटमधली, तुमच्या निबंधांचं इंग्रजी मी सरळ करायची. ती कवठे महांकाळची. इंग्रजी बोलताना घाम पुसायची, पण तिनं नस सुटी केली की नशीला कळतसुद्धा नसे. वर्ष संपताना तुम्ही तिला स्वतः काच तापवून, ओढून केलेली तुमची प्रयोगाची काचेची नळी दिलीत, जी तुम्ही कुणाला हात लावू देत नव्हतात. आणि मला दिलात इंग्रजी शब्दकोश. मला, सर! घरी जाऊन मी तो कपाटाच्या डळमळत्या पायाखाली सरकवला.

पुढच्या वर्षीचा तो दिवस अजून समोर आहे. टेबलावर गिनीपिगचं हृदय धडधडतंय, काजळीचा कागद गुंडाळलेला ड्रम फिरतोय, ठोक्यांबरोबर हलणारी सुई काजळीवर पांढरी रेघ ओढतेय. हृदयाला शांत करणारी नस विजेनं चेतवली की ठोके मंदावतात. मग ती धावायला लावणारी नस चेतवते. ठोके वाढतात, थोड्या वेळानं पूर्ववत होतात. पुन्हा शांत करणारी नस, पण आता ठोके जेमतेम उतरतात. ती ओरडते, "आवं सर, ह्येचा बिरेकच लागंना! पळायचं कवाच थांबलंय, पन ऐकायला तयार न्हाई." तुम्ही खुर्ची ढकलून उठता आणि तिच्या डोक्यावर हात ठेवता. माझ्या डोक्यावर कधी ठेवला नाहीत.

ते कोडं पुढे दुसऱ्यांनी सोडवलं. धावायला लावणारी नस जोरात चेतली की नेहमीच्या रसायनाबरोबर एक पेप्टाइडही, म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा, सोडते. रसायन लवकर ओसरतं, पेप्टाइड रेंगाळतं. ते शांत करणाऱ्या नशीच्या टोकावरच्या रिसेप्टरवर जाऊन बसतं आणि तिचा निरोप हृदयापर्यंत पोचू देत नाही. हृदय ठणठणीत असतं. त्याला 'हळू' म्हणणारीचंच तोंड दाबलेलं असतं. वर्गात हा भाग मी पुढे दरवर्षी शिकवला, आणि दरवर्षी पाठ वर्गाकडे करून शिकवला.

कारण काजळी पुसली जाऊ नये म्हणून तो कागद लाखेत बुडवून पक्का करायचं काम तुम्ही माझ्याकडे दिलं होतंत. आपल्याकडची रीत, ज्याचा प्रयोग त्यानं टाचणीनं काजळीवर नाव कोरायचं. तिनं कोपऱ्यात वेडंवाकडं कोरलं होतं. सकाळी आलेख पुसलेला पाहून तुम्ही विचारलंत आणि मी शांतपणे सांगितलं, "ओल्या हातानं धरला असेल तिनं." तुम्ही माझ्या काळ्या बोटांकडे पाहिलंत, पण काजळीचं काम करणाऱ्याची बोटं काळीच असतात. मग तिच्यावर कडाडलात, "कागद सांभाळता येत नाही, तर जनावराचा जीव कशाला घेतलास?" ती खाली मान घालून म्हणाली, "चुकलं सर." तसा आलेख पुन्हा जुळून यायच्या आतच तुम्ही आजारी पडलात, आणि मग गेलातच.

काल तिचा फोन आला. ती आता सांगलीत असते, तिलाही निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. "सरांचं ते बोलणं लय लागलं बघ. त्या दिसापासनं एक कागद वाया घालवला न्हाई मी," म्हणते. म्हणजे तुमचा रागही तिलाच कामी आला! मला तुम्ही कधी रागावलातसुद्धा नाही, सर. मग म्हणाली, "ती काचंची नळी तुलाच द्यावी म्हनते. सरांचं इंग्रजी लिहिणारी तू, शब्दकोश दिलेली तू. मला त्यापायी तुझा लय हेवा वाटायचा गं. रविवारी साताऱ्याला येते, घेऊन येऊ?"

मी म्हटलं, "आण."

एवढंच म्हटलं. फोन ठेवून कितीतरी वेळ झाला तरी छातीतली धडधड उतरत नव्हती. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते: मला आलेख पुसायचा नव्हता, सर. मी फक्त तिच्या नावावर अंगठा ठेवला होता. मग तो तसाच रेघेवरून पुढे नेला.