टास्मानियाचा पाहुणा आणि आजोबांची पिकदाणी

वेस्ट विंडसर, ऑक्टोबर १९९६

ती. आत्यास प्रफुल्लचा सविनय जय भीम.

तुझा गुडघा कसा आहे? मालिश करून घेतेस की तेलाची बाटली नुसती उशाशी ठेवतेस? बाबांना इथली थंडी मानवली, तुझ्या सुनेच्या, उपासनाच्या हातचं पिठलं तर फारच मानवलं. पण आज मी लिहितोय ते वेगळ्याच आनंदात. ग्रॅहॅमसाहेब आपल्या घरी येऊन गेले.

ग्रॅहॅमसाहेब म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या खाली टास्मानिया नावाचं बेट आहे, तिथले वाइन करणारे. तिथल्या थंडीत द्राक्षं सावकाश पिकतात, आणि त्यांची वाइन मला इतकी आवडते की तीन वर्षं मी त्यांना पत्रं पाठवतोय. (हे बाबांना सांगू नकोस, असं लिहिणार होतो, आता उपयोग नाही.) ते न्यूयॉर्कला आले आणि फोनवर म्हणाले, शनिवारी दुपारी जेवायला येतो. मी आनंदाने फोनच्या वायरीत गुंतलो. मग आठवलं, घरात बाबा आहेत. तुझा भाऊ तुला ठाऊकच आहे. पाचवं शील, दारू न पिण्याचं, त्यांनी अख्ख्या वस्तीकडून पाळून घेतलेलं. मी त्यांना सांगितलं, द्राक्षांचे बागायतदार येतायत. खोटं नव्हतं, अपुरं होतं.

बाबांनी द्राक्षांच्या कलमांवर अकरा प्रश्न काढून ठेवले. दुसऱ्याच प्रश्नाला साहेबांनी बॅगेतून तीन बाटल्या काढल्या. साहेबांनी घोटभर ओतली, हुंगली, तोंडात खळखळवली आणि इकडेतिकडे बघू लागले. थुंकायला भांडं हवं होतं. उपासनाने तांदूळ धुवायचं पातेलं पुढे केलं (ते आता गॅरेजमध्ये आहे). दिवसाला साठ वाइन चाखतो पण गिळत नाही, असं ऐकल्यावर बाबा मला म्हणाले, "बघ, धंदा असून केवढा संयम." मग स्वतः एक ग्लास नाकाशी नेऊन (ओठांपासून चार बोटं दूर) म्हणाले, "जांभूळ. आणि ओलं गोणपाट." मी भीतभीत इंग्रजीत सांगितलं. साहेब उठून उभेच राहिले. त्या वासाला त्यांना इतकी वर्षं शब्द सापडत नव्हता म्हणे. त्यांनी वहीत 'गोणपाट' लिहून घेतलं. ग्रीन कार्ड मिळालं तेव्हाही मी इतका हरखलो नव्हतो.

साहेबांना स्टेशनवर सोडून आलो तर बाबा पातेल्याशेजारीच बसलेले. म्हणाले, "पाहुणे चार वेळा थुंकले. घेतलीस तूही चार वेळा. तू कुठे थुंकलास?" आत्या, मी खरं ते सांगितलं. रागावले असते तर बरं झालं असतं. दोन दिवस बोलले नाहीत, आणि मला फार वाईट वाटलं.

तुझा,
प्रफुल्ल

ता. क. खरं काम राहिलंच. आजोबांची पितळी पिकदाणी माळ्यावर असेल, ती तुझ्या शेजारच्या नीलांबरीबरोबर पाठव. ती डिसेंबरात इकडे येतेय. तिसऱ्या दिवशी बाबा बोलले ते एवढंच: घरात बाटली येणार असेल तर थुंकायचं भांडंही आलं पाहिजे. मी शब्द दिलाय.

ता. क. आक्का, ही ओळ मी भानुदास लिहितो आहे. पिकदाणी जरूर पाठव. साहेबांचं पत्र आलं आहे, माझ्या नावाने. मार्चमध्ये नव्या वाइनचा वास घ्यायला त्यांनी मला टास्मानियाला बोलावलं आहे. प्रफुल्लही निघाला होता. त्याला म्हटलं, तू घरी राहा, तुला अजून थुंकता येत नाही.