विधवांसाठीची शिष्यवृत्ती

मुंबई, १९१९

तीर्थरूप मामंजींच्या पायांवर सून हौसाचं डोकं.

मी खुशाल आहे. सासूबाईंचा खोकला थांबला का?

विलायतेत शिकण्यासाठी मागितलेल्या दोन शिष्यवृत्त्या फक्त पुरुषांसाठी निघाल्या. तिसरी लढाईत नवरा गेलेल्या बायकांसाठी आहे. तिथले चिटणीस म्हणाले, "बाई, बसऱ्याच्या लढाईवरून परतायचे ते सगळे परतले. कुंकू पुसून या, विधवा म्हणून सही करा, लगेच बोटीवर बसवतो."

मी म्हणाले, "ते बेपत्ता आहेत," आणि उठले. परत येऊन मुलींची शाळा काढायची होती. पण तुमच्या चिरंजीवांना माझ्या हातानं मारून नको.

ते परततील की नाही, तुम्हाला काय वाटतं, ते मला लिहू नका. हे सासूबाईंना वाचूनही दाखवू नका. त्यांना एवढंच सांगा, हौसाचं कुंकू संपत आलंय, घरचंच पाठवा.

आपली लेकीसारखी
हौसा