पाच शर्टांचे अभ्रे

९ फेब्रुवारी
धाकट्याचे पाच शर्ट आले. त्याची बायको स्वतः घेऊन आली, पिशवीला घट्ट गाठ मारून. "ताई, सोफ्यावरच्या उशांना अभ्रे करा यांचे. नुसते ठेवून काय करू?" चहासुद्धा न घेता गेली. माझा भाऊ जाऊन अकरा महिने झाले.

गाठ सोडली आणि शर्ट थेट मिठाच्या पाण्यात टाकले, मग साबणाने धुतले. आधी धुवायचं, मग कात्री – वीस वर्षांत हा नेम मोडलेला नाही. कापड नंतर आटलं की उशी कोंबावी लागते.

१० फेब्रुवारी
शर्ट वाळले. इस्त्री केली.

१२ फेब्रुवारी
पहिला अभ्रा झाला, निळ्या चौकडीचा. शर्टाची बटणपट्टी तशीच मागच्या बाजूला घेतली. उशीपेक्षा इंचभर लहान बेतला, म्हणजे उशी टरारून बसते. हे डोकावले. "चला, मेव्हणेबुवा पुन्हा सोफ्यावर लोळायला मोकळे." हसले मी. मग सुईत दोरा जाईना.

१५ फेब्रुवारी
भाची उशा घेऊन आली. अभ्रा उचलून तिने नाकाशी धरला. बराच वेळ.

"आत्या, धुतलास?"

"अगं, धुतल्याशिवाय शिवतात का?"

तिने अभ्रा खाली ठेवला. मग हळूच – "बाबा दवाखान्यात गेले तेव्हा धुवायच्या टोपलीत होते हे. आईने तसेच ठेवले. रोज दुपारी पिशवी उघडून बसायची, पुन्हा गाठ मारायची. मला हात लावू द्यायची नाही."

ती गेल्यावर मीही हुंगून पाहिला. साबण. नुसता साबण.

१६ फेब्रुवारी
मशीनवरचं झाकण काढलं नाही.

१७ फेब्रुवारी
तीनदा फोन हातात घेतला, तीनदा ठेवला. काय सांगू तिला? तुझ्या नवऱ्याचं उरलंसुरलं मी मोरीत ओतलं?

१९ फेब्रुवारी
पाचवा शिवून झाला. त्याच्या कॉलरच्या आत एक पुसट पिवळी रेघ उरली होती – धुऊनही न गेलेली. तो तुकडा टाकवेना. अभ्र्याच्या आतून शिवून टाकला.

२१ फेब्रुवारी
अभ्रे घेऊन तिच्याकडे गेले. दारातच सांगून टाकलं, "मी धुतले गं. आधी विचारायला हवं होतं."

तिने पाचही मांडीवर घेतले. एकाची बटणं लावत, सोडवत बसली.

"ताई, तुम्ही न धुता कात्री लावत नाही, हे मला ठाऊक नाही का? मला ते धुववेनात. दोनदा बादली भरली, दोनदा ओतून दिली. त्या पिशवीपायी पोरीकडेही बघत नव्हते मी. म्हणून तुमच्याकडे आणले."

मग उठून चहा टाकला. दोघींनी मिळून प्यायला.

२२ फेब्रुवारी
तिने त्याचा वास अकरा महिने पुरवून घेतला. माझ्या हातात तो गाठ सोडल्यापासून नळापर्यंत होता. माझा भाऊ – आणि मी एकदाही शर्ट नाकाशी धरला नाही.