‘जाते’ म्हणायचं नाही

बाबा, दादा जर्मनीला गेला हे तुम्हाला ठाऊकच नाही. त्याच्या कितीतरी आधी तुम्ही गेलात. मुलुंडच्या याच घरात, ओट्याशेजारी पाटावर बसवून तुम्ही मला अक्षरं शिकवलीत. शाळा नंतर आली. शाळेच्या पहिल्या दिवशी मी दप्तर घेऊन दारातून ओरडते, "बाबा, मी जाते." तुम्ही दाढी करताय, अर्ध्या गालाला फेस. "आत ये. बस पाटावर. आता नीट सांग." मी रडवेली होऊन "येते" म्हणते, तेव्हा कुठे सोडता.

आता दादा दर रविवारी चहाच्या वेळी व्हिडिओ कॉलवर येतो. मोठं दिसावं म्हणून त्याने आईला टॅब पाठवलाय. आई केस विंचरून त्याच्यासमोर बसते. "ये ना रे एकदा," म्हणते. "अगं, दर आठवड्याला तर दिसतेस. तिकडे येऊन वेगळं काय करणार?" "माझ्या हातचं जेवशील." तो हसतो नुसता.

त्याला ती दिसते, बाबा. तिला तो दिसत नाही. डोळ्यांच्या आतला पडदा खराब झालाय. गेलेली नजर परत यायची नाही, असं डॉक्टर म्हणाले. दादा मुलीने काढलेलं चित्र पुढे धरतो, आई माझा हात दाबते, मी हळूच "हत्ती" म्हणते. "हत्ती झकास काढलाय हो," आई सांगते. दादाला सांगूया म्हटलं तर तिने मला गळ्याची शपथ घातली. "आंधळ्या आईला बघायला नको. आईला बघायला येऊ दे."

गेल्या रविवारी "चल आई," एवढं म्हणाला आणि नेटवर्क गेलं. पुढे "ठेवतो" म्हणणार होता, नेहमी तेच म्हणतो. "काय म्हणाला गं शेवटी?" आईने विचारलं. माझ्या तोंडून गेलं, "येतो म्हणाला." तुम्ही शिकवलात तसा, निरोपाचा शब्द. आईने पदराने टॅब पुसला. मग म्हणाली, "कधी, ते नाही बोलला?"

आज सकाळी तिने दादाची गादी उन्हात टाकायला सांगितली.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही तेच बरं, नाहीतर मला पुन्हा पाटावर बसवलं असतंत. मी तिला खरं सांगितलं नाही, बाबा. गादी गच्चीवर नेऊन टाकली, आणि दोन्ही बाजूंना ऊन लागावं म्हणून दुपारी पालटूनही आले.