फेरीच्या वाटेवरचं पाणी

आईस लिंबाजीचा जयभीम. पंचशीला, आईला हळू वाचून दाखव.

मी बरा हाय. जेवण वेळेवर होतं. कालव्याच्या चौकीदाराला काम एकच, रोजची फेरी. सकाळी कालव्याच्या कडेनं जातो, येताना शेतांतून खोलीवर परततो. पत्त्यावर आता जिल्हा लातूर लिहा. जिल्हा नवा झाला, साहेबांना नव्या खुर्च्या आल्या, पाऊस तेवढा आला न्हाई.

तुझे गुडघे कसे हायत? उन्हाचं पाण्याला जाऊ नको.

यंदा कालव्याचं पाणी फक्त पिण्यासाठी राखून ठेवलंय. शेताकडं पाणी सोडायच्या दारांना मीच कुलपं लावली. शेषेरावांच्या मोसंबीच्या बागेचं दारही मीच बंद केलं. आज मी परतताना ते वाळलेली झाडं तोडत होते. मला बघून कुऱ्हाड खाली ठेवली अन् पाण्याचा तांब्या घेऊन आले. आजवर आपल्या माणसांच्या ओंजळीत वरून पाणी ओतणारा हा माणूस. आज तांब्याच हातात दिला. म्हणाले, "पी बाबा. तुलाबी लई चालावं लागतं."

त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उद्यापासून मी कालव्यानंच जाणार अन् कालव्यानंच परतणार.

आपल्या शेताजवळूनही कालव्याचा माणूस जातो. तू त्याला हाक मारून पाणी देतेस. यंदा देऊ नको, आई. त्याच्या गळ्याखाली उतरणार न्हाई.

तुझा,
लिंबाजी