वाळूवरची खुर्ची

आईस,
तुझ्या धाकट्याचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवण वेळेवर होतं. बाबांचा खोकला थांबला का?

आमच्या किनाऱ्याला स्वच्छतेचा झेंडा मिळाला. त्यासाठी पाणी, कचरा, संडास सगळं तपासतात, आणि चालता न येणाऱ्यांची सोयही बघतात. म्हणून वाळूत चालणारी, रुंद चाकांची खुर्ची आणली होती. तपासणीच्या दिवशी मी जवळच राहणाऱ्या एका आजींना तिच्यात बसवून थेट पाण्यात नेलं. अंगावर लाट आली तशा त्या लहान मुलीसारख्या खिदळल्या. तपासायला आलेले साहेबही हसले.

झेंडा चढला आणि आमच्या साहेबांनी खुर्ची कोठीत टाकायला लावली. म्हणाले, "खाऱ्या पाण्यानं गंजेल. आता पुढच्या तपासणीला काढू." कुलपाची किल्ली माझ्याकडेच दिली.

परवा त्या आजी सुनेच्या आधारानं कशाबशा आल्या. मी म्हणालो, "खुर्ची बिघडलीय." किल्ली माझ्या खिशात होती गं! त्या म्हणाल्या, "असू दे बाळा, तू तरी काय करणार?" आणि माझ्या गालावरून हात फिरवला. कुठे तोंड लपवू असं झालं मला.

काल साहेबांना न विचारता खुर्ची बाहेर काढली. ते चारचौघांत खूप बोलले. नोकरी जाईल असं वाटत नाही, तू काळजी करू नकोस. खुर्ची दिवसभर वाळूवर उभी होती, पण आजी आल्या नाहीत. त्यांचं घर नेमकं कुठलं, हे मी कधी विचारलंच नव्हतं.

झेंड्याचं कौतुक शेजारीपाजारी सांगत बसू नकोस.

तुझा,
धाकटा